बहिणीचा अहवाल

डॉक्टरीणबाईंची ओळख करून दिली की समोरचा माणूस हमखास आपलं एखादं दुखणं काढायचा. एका म्हातारीने तर चर्चच्या पायरीवर बसून गुडघाच उघडा करून दाखवला होता.

"मी त्यातली डॉक्टर नाही हो," बाई म्हणाल्या.

"मग कशातली?"

"ईश्वरविज्ञानातली."

म्हातारीने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, गुडघा झाकला आणि म्हणाली, "म्हणजे अगदी शेवटी लागणारी."

हा किस्सा बाई दरवर्षी नव्या वर्गाला सांगायच्या. मुलं हसायची. हसून झालं की त्या म्हणायच्या, "पण तिचा गुडघा खरंच सुजला होता. आणि मी तिला दवाखान्यात घेऊन गेले नाही. मला घाई होती. व्याख्यान द्यायचं होतं, सेवा या विषयावर." मग बाई शिकवायला सुरुवात करायच्या.

त्यांच्या विषयाचं नाव होतं व्यावहारिक ईश्वरविज्ञान. विभागातले बाकीचे प्राध्यापक देवाबद्दल जुन्या ग्रंथांत काय लिहून ठेवलंय ते शिकवत. बाई बघायच्या, माणसं देवाचं नाव घेऊन प्रत्यक्षात काय करतात. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, कुणाकडे मयत झालं तर तिथे पहिलं कोण जातं आणि जाऊन काय बोलतं, रविवारी एकटीच आलेली बाई उपासनेनंतर चहाचा कप घेऊन कुणाशेजारी उभी राहते. पदार्थविज्ञानाच्या एका प्राध्यापकाने त्यांना जेवणाच्या सुट्टीत विचारलं होतं, "विज्ञान म्हणता, तर तुमची प्रयोगशाळा कुठे असते?" बाई म्हणाल्या, "सरकारी रुग्णालय, वॉर्ड नंबर चार." त्यांना वाटलं तो पुढे काही विचारेल. पण त्याने डबा बंद केला आणि तो उठला.

बाईंचे वडील पाळक होते. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ एक बसकं, लांबट चर्च होतं, त्याला लागूनच त्यांचं घर. मुलं दोन, दादा आणि त्याच्याहून चार वर्षांनी लहान ही बारकी. वडील शनिवारी दुपारी दुसऱ्या दिवशीचा उपदेश दोघांना म्हणून दाखवायचे. दादा तिसऱ्या मिनिटाला पेंगायचा. बारकी प्रश्न विचारायची, आणि रविवारी वडिलांच्या उपदेशात त्या प्रश्नांची उत्तरं असायची. ती चौदा वर्षांची असताना एकदा वडील हसत हसत म्हणाले, "उपदेश हिच्या डोक्यातून निघतो, झोपा हा काढतो, आणि पाळक होणार हाच." सगळे हसले. तीही हसली. बायकांना तेव्हा पाळकपदाची दीक्षा मिळत नसे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं आणि तिलाही ते तेवढ्या वेळापुरतं वाटलं नाही.

दादा पाळक व्हायला सेमिनरीत गेला, ती विद्यापीठात. वडील वारल्यावर त्यांचं चर्च दादाकडे आलं. तो पहिल्यांदा उपदेश करायला पुलपिटावर चढला त्या रविवारी बाई तिसऱ्या बाकावर वहिनीची पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दादाचा आवाज कापत होता. त्याने एक वाक्य दोनदा वाचलं. बाईंच्या मनात ते वाक्य कसं असायला हवं होतं ते आपोआप तयार झालं, आणि त्यांनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

पीएच.डी.साठी त्यांनी दोन वर्षं वॉर्डात काढली, आजाऱ्यांना भेटायला येणाऱ्या साध्यासुध्या बायकांबरोबर. त्या बायका काय बोलतात, किती वेळ बसतात, निघताना काय म्हणतात, सगळं त्यांनी टिपलं. विद्यापीठात कुणीतरी त्याला "चहा-बिस्किटांचं ईश्वरविज्ञान" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. चर्चच्या मंडळातली माणसं म्हणाली, आमच्यातली पोर, चार बुकं शिकली आणि आता आमच्यावरच टिपणं काढते.

मग शहरातला मोठा कारखाना एका दिवसात बंद पडला. चारशे घरांतले कर्ते हात रिकामे झाले. पहिल्याच महिन्यात दोघांनी जीव दिला. समाजकल्याण खात्याची अधिकारी एका सकाळी बाईंच्या केबिनमध्ये आली आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "आमची माणसं त्यांच्या घरी जातात आणि फॉर्म भरून घेतात. पाळक जातात ते प्रार्थना करून येतात. त्या लोकांशी बोलायचं काय, हे कुणालाच कळत नाहीये."

बाईंनी पाळक, नर्स आणि समाजसेवक यांना एका वर्गात बसवलं. असा वर्ग तिथे कधी भरला नव्हता. पहिला स्वाध्याय एकच असायचा: नुकतंच कुणा दुखावलेल्या माणसाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून आणा. "तुम्ही काय बोललात ते लिहा," बाई बजावायच्या, "काय बोलायला हवं होतं ते नको." पाळकांच्या कागदांवर लांबलचक सुंदर प्रार्थना असायच्या. एका नर्सने लिहिलं होतं, 'मी म्हटलं, कूस बदलून देऊ का. ते म्हणाले, दे. मग ते रडले.' बाईंनी तो कागद वर्गाला दोनदा वाचून दाखवला.

हा वर्ग वीस वर्षं चालला. त्याच्या नकला दुसऱ्या शहरांत सुरू झाल्या. बाईंना बोलावणी येऊ लागली, समित्यांवर नाव लागू लागलं. पण काम संपलं की जेवायला थांबा असं कुणी म्हणत नसे. चर्चच्या बैठकीत त्या विद्यापीठाच्या असायच्या, विद्यापीठात चर्चच्या, आणि सरकारी कचेरीत त्या दोन्हीकडच्या. लग्नाचं एकदा ठरत आलं होतं. ते का विस्कटलं हे नंतर दोघांपैकी कुणालाच नीट आठवेना. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर कायम पेपरांचे गठ्ठे. आठवडाभर फोन वाजायचा आणि शनिवारी दुपारी जो बंद व्हायचा तो सोमवारी सकाळपर्यंत.

अपवाद फक्त दादाच्या घराचा. एक रविवार सोडून एक रविवार त्या तिकडे जेवायला जायच्या. वहिनी दार उघडतानाच म्हणायची, "या वन्सं. आज तरी पोटभर जेवा, नाहीतर लोक म्हणतील भावजयीने उपाशी ठेवली." दादा त्यांना बारके म्हणायचा. जगात तसं म्हणणारा तो एकच उरला होता.

बाई छप्पन्न वर्षांच्या असताना चर्चच्या मंडळाचे अध्यक्ष त्यांच्याकडे आले. शहरात सतरा चर्चं होती आणि माणसं मोजून आठ चर्चांपुरती. छपरं गळत होती, पाळक म्हातारे होत होते. मंडळ, विद्यापीठ आणि नगरपालिका मिळून एक समिती नेमणार होते: कुठली चर्चं चालू ठेवायची, कुठली बंद करायची, आणि बंद झालेल्या इमारतींत वस्तीच्या उपयोगाचं काय काढायचं.

"समितीच्या प्रमुख तुम्ही व्हावं असं सगळ्यांना वाटतं," अध्यक्ष म्हणाले.

"सतरापैकी एक माझ्या भावाचं आहे."

"म्हणूनच. तुम्ही कुणाची बाजू घेणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

नाही म्हणायची वेळ तीच होती. बाईंनी दोन दिवस मागून घेतले. दुसऱ्या कुणी हे काम घेतलं तर दादाचं चर्च पहिल्या फटक्यात जाईल. आपण असलो तर निदान नीट बघू, असं त्यांनी स्वतःला समजावलं. ते खोटं नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा चर्च, विद्यापीठ आणि सरकार तिघंही एकाच टेबलाशी येत होते आणि त्या टेबलाच्या टोकाची खुर्ची आपल्याला मिळतेय, याचा आनंदही त्यांना झाला होता. तो त्यांनी कुणाला दाखवला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हो कळवलं.

एकेका रविवारी एकेक चर्च, असा त्यांनी कार्यक्रम आखला. दादाच्या चर्चमध्ये त्या गेल्या तेव्हा बाकांवर अकरा जण होते. मधल्या वाटेत एक बादली ठेवलेली, छपरातून तिच्यात थेंब पडत होते. दादा उपदेश करता करता थेंबासाठी थांबायचा आणि मग पुढे बोलायचा, एकदा तर बादलीकडे बघून म्हणाला, "हो, हो, तुमचंही ऐकतोय." अकराही जण हसले. उपदेश यथातथाच होता. पण नंतर दारात उभं राहून त्याने प्रत्येकाला जे विचारलं ते बाईंनी लिहून घेतलं. कुणाची गोळी सकाळची दुपारी केली होती, कुणाचा मुलगा किती दिवसांत बोलला नव्हता, कुणाच्या दाराची कडी अजून लागत नव्हती. सगळं त्याला पाठ होतं. बाईंनी स्वतः बनवलेल्या तक्त्यात 'पाळक लोकांच्या घरी जातात का' असा एक रकाना होता. दादाला त्यात पैकीच्या पैकी गुण पडले. तेवढे दुसऱ्या कुठल्याच पाळकाला पडले नाहीत.

जेवताना दादा म्हणाला, "दुसरं कुणी आलं असतं ना समितीवर, तर मला झोप लागली नसती. तू आहेस म्हणून निर्धास्त आहे, बारके."

वहिनीने पटकन बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. बाईंनी पाण्याचा पेला उचलला. दादा, असं समजू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. ते घशाशी आले आणि पाण्याबरोबर खाली गेले.

समितीची शेवटची बैठक विद्यापीठाच्या एका लांबट खोलीत झाली. नगरपालिकेला एक दिवसभराचं केंद्र काढायचं होतं, स्मृती गेलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. घरच्यांना कामावर जाता येत नव्हतं. कुणी आईला खोलीत कोंडून जात होतं. त्यासाठी बिनपायऱ्यांची इमारत हवी होती, रुंद दाराची, भिंतीने बंदिस्त अंगण असलेली, बस समोर थांबेल अशी. सतरांपैकी अशी इमारत एकच होती. ते सगळ्यांनाच दिसत होतं. सगळे खाली मान घालून पेन्सिली फिरवत बसले.

शेवटी समितीतले निवृत्त न्यायाधीश म्हणाले, "बाई, हे एक नाव वगळलं तरी चालेल. केंद्रासाठी दुसरी जागा बघता येईल. कुणी विचारणार नाही."

खरंच कुणी विचारलं नसतं. बाईंनी यादी पुढे ओढली. तिच्यात टेकडीवरचं एक चर्च होतं, तिथे बावीस जण यायचे, आणि ते बंद करायचं असं गेल्याच बैठकीत ठरलं होतं. त्या पाळकाची कुणी बहीण समितीवर नव्हती.

"बावीस जणांचं बंद आणि अकरांचं चालू, हे मी कसं लिहू?" बाई म्हणाल्या. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते नाव तिसऱ्या यादीत लिहिलं. तिसरी यादी म्हणजे बंद करून दुसऱ्या उपयोगाला द्यायच्या इमारती.

तो सोमवार होता. पत्रं शुक्रवारी निघणार होती. म्हणजे दादाला स्वतः जाऊन सांगायला त्यांच्या हातात तीन दिवस होते. मंगळवारी वर्ग होता. बुधवारी त्या निघाल्या, दादाच्या चर्चसमोर बसमधून उतरल्या, आणि बघतात तर दादा शिडी लावून छपरावर. सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, तोंडात खिळे, गळका पत्रा ठोकत होता. साठी उलटलेला माणूस. बाई थांब्यावर तशाच उभ्या राहिल्या. परतीची बस आली आणि त्या तिच्यात चढल्या. गुरुवारी त्यांनी घरी बसून काय बोलायचं ते कागदावर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शुक्रवारी त्या पोचल्या तेव्हा दुपार झाली होती.

दादा चर्चमध्ये स्टुलावर उभा राहून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता. मागे वळला नाही.

"सकाळी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. फार गोड बोलला. आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली."

"दादा, मी येणारच होते—"

"बुधवारी आली होतीस की." तो किल्ली फिरवत राहिला. "छपरावरून सगळं दिसतं गं. तू उतरलीस, उभी राहिलीस आणि समोरच्या बसने परत गेलीस. मी तेव्हाच समजलो. तरी उरलेले पत्रे ठोकले. म्हटलं, असेल कुणीतरी आपल्या बारकीसारखी दिसणारी."

बाई बाकाच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "मी तुला कारणं सांगते, दादा. तक्त्यात तुझे गुण सगळ्यांत—"

"कारणं नकोत. एवढ्या शिकलेल्या बाईकडे कारणं असणारच." आता तो वळला. "एकच विचारतो, खरं सांग. बाबांनी हे मला दिलं, तुला दिलं नाही, म्हणून?"

"नाही" हा शब्द जिभेवर तयार होता. पण बाईंना ऐकू येत होतं, की तो शब्द बोलायला हवा म्हणून तयार झालाय. त्यांनी इतकी वर्षं पोरांचे असेच शब्द लाल पेनाने कापले होते.

"माहीत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "मी खूप शोधलं. मला तरी सापडलं नाही. पण नाहीच आहे, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही मला."

दादा सावकाश स्टुलावरून उतरला. किल्ली खिशात टाकली.

"नाही म्हणाली असतीस ना, तर मी विश्वास ठेवला असता," तो म्हणाला. "मी ठेवायला तयार होतो गं."

मग तो बाजूच्या दाराने घरात गेला आणि दार लावून घेतलं.

शेवटच्या उपासनेला बाई सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या. अकराही जण आले होते. निघताना त्यांच्यापैकी कुणीही बाईंशी हात मिळवला नाही. "पुलपिट मिळालं नाही म्हणून चर्चच मोडलं," असं कुणीतरी म्हणालं, मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दादा आणि वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. बाईंनी पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. एकदा त्या दारापर्यंत गेल्या; वहिनीने दार अर्धवट उघडलं, डोळ्यांत पाणी आणून मानेने नाही म्हटलं आणि पुन्हा लावलं. वर्षातून एकदा, बाईंच्या वाढदिवसाला, एका अनोळखी नंबरावरून फोन यायचा. "मी आपली फक्त आवाज ऐकायला केला," वहिनी म्हणायची, "ठेवते, शेजारणीचा फोन आहे."

केंद्र सुरू झालं आणि छान चाललं. बाई उद्घाटनाला गेल्या. जिथे मधली वाट होती तिथे आता गोल टेबलं होती. एक आजोबा रुमालाच्या घड्या घालत होते, सगळ्या उलगडून पुन्हा घालत होते, आणि त्यांची मुलगी दारात उभी राहून बाईंचा हात सोडायला तयार नव्हती. "चार वर्षांनी मी कामावर परत गेले," ती सांगत होती. निर्णय बरोबर होता. बाईंना त्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती, आणि त्या बरोबर असण्याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळाने बायकांना दीक्षा द्यायचं ठरवलं. अध्यक्ष फुलं घेऊन आले. "पहिली दीक्षा तुम्हाला. मानाची. एवढ्या वर्षांचं देणं आहे आमच्यावर तुमचं."

बाईंनी फुलं टेबलावर ठेवली. चौदाव्या वर्षापासून ज्याची वाट बघत नाही असं स्वतःला सांगितलं होतं ते दारात उभं होतं. पण आता त्या पुलपिटाच्या पायऱ्या चढल्या असत्या, तर दादाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं झालं असतं.

"वय झालं माझं," त्या म्हणाल्या. "माझ्या तीन विद्यार्थिनी आहेत, त्यांना द्या. नावं लिहून देते."

अध्यक्षांना वाटलं, बाईंचा हा विनय आहे. तसं ते भाषणातही म्हणाले.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना बाईंचा जुना विद्यार्थी, आता विभागप्रमुख, एका सकाळी न कळवता त्यांच्या घरी आला. बसायला सांगितलं तर बसला नाही, कारण दुसऱ्या खुर्चीवर पेपर होते.

"मॅडम, पत्र उद्या निघेल. पण त्याआधी मी सांगायला आलोय. तुमची जागा भरणार नाहीत. विषय समाजकार्य विभागात विलीन होतोय. समितीवर मी होतो. मीही होच म्हटलं. विद्यार्थी सात उरलेत."

बाईंनी खुर्चीवरचे गठ्ठे उचलून जमिनीवर ठेवले. "बस," त्या म्हणाल्या. "चहा घेतोस?" तो रडायच्या बेतात होता. बाईंनी चहा केला, त्याला सात विद्यार्थ्यांची नावं विचारली, कोण काय करतंय ते विचारलं. तो गेल्यावर त्या कितीतरी वेळ मोकळ्या खुर्चीसमोर बसून होत्या. पोराने काम चोख केलं होतं. उशीर न करता येऊन सांगितलं होतं.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात फोन आला. नंबर वहिनीचा स्वतःचा होता.

"वन्सं, ह्यांचं ऑपरेशन आहे. पोटाचं. तुम्हाला बोलवा असं ते म्हणाले नाहीत. बोलवू नका असंही म्हणाले नाहीत. मी आपली मधली वाट काढली."

सहा वर्षांनी बाई भावाला बघत होत्या. खाटेवर तो फार छोटा दिसत होता. त्याने डोळे उघडले, त्यांना बघितलं आणि खिडकीकडे मान वळवली. बाई स्टुलावर बसल्या. वहिनी पिशवीतून टॉवेल काढून पुन्हा पिशवीत ठेवत राहिली. तेवढ्यात नर्स फॉर्म घेऊन आली.

"पेशंटबरोबर दोन माणसं. ह्या बायको. आणि ह्या कोण?"

वहिनी काही म्हणणार तोच दादा खिडकीकडे बघतच म्हणाला, "बहीण."

"थोरली का?"

"धाकटी. दिसते थोरली. विचार फार करते."

नर्स हसली. बाईंनी पदराने नाक पुसलं आणि फॉर्मवर सही केली.

त्यानंतर दादा चौदा महिने जगला. बाई मंगळवारी आणि शुक्रवारी जायच्या. दोघं भाऊबहीण कानयंत्राच्या बॅटरीवर भांडायचे, शेजारच्या कुत्र्याला नावं ठेवायचे, वडिलांच्या चष्म्याची आठवण काढायचे. एकदा दादा म्हणाला, "आजाऱ्याच्या उशाशी बसून काय करायचं, असं शिकवायचीस गं पोरांना?"

"फार बोलू नका, असं."

"मग ठीक शिकवायचीस," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

चर्चचा विषय निघाला नाही. बाई वाट बघायच्या. दर मंगळवारी जिना चढताना वाटायचं, आज निघेल. उतरताना वाटायचं, शुक्रवारी. आपण काढावा तर, शिळी जखम उकरून काढायचा हक्क आपला नाही असं वाटायचं. एका शुक्रवारी सकाळी वहिनीचा फोन आला की आता येऊ नका घाईने, सावकाश या.

अंत्यविधी एका तरुण पाळकबाईने केला, बाईंच्या तीन विद्यार्थिनींपैकी एकीने. त्या अकरांतले चौघं उरले होते, ते आले होते. त्यातल्या एकाने बाईंना बघून टोपी काढली, पण थांबला नाही. पाळकबाईने विचारलं, "मॅडम, तुम्ही दोन शब्द बोलता का?" बाईंनी नाही म्हटलं आणि वहिनीचा हात धरून उभ्या राहिल्या.

एकत्र राहायचं का, असं बाईंनी वहिनीला महिन्याभराने विचारलं. "नको हो," वहिनी म्हणाली, "एका स्वयंपाकघरात आपण दोघी आठवडाभर टिकणार नाही. फोन करत जाऊ." तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला फोन होतो. एक दिवस ही करते, एक दिवस ती.

परवा बाईंनी विचारलं, "वहिनी, तो शेवटी माझ्याबद्दल काही बोलला होता का?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"नाही हो," वहिनी म्हणाली. "टीव्हीचा आवाज कमी कर म्हणाले, आणि झोपले."

"बरं."

"जेवलात का?"

"बसतेच आता."

"काहीतरी गरम करून घ्या. गारढोण खाऊ नका."

"हो," बाई म्हणाल्या. "उद्या मी करते फोन." त्यांनी फोन ठेवला, भाजी गरम केली, ताट घेतलं आणि खिडकीजवळ बसून जेवल्या. बाहेर अजून थोडा उजेड होता.